झुमांचा खटला संपत का नाही?

दक्षिण आफ्रिकेचा विषय निघाला की हमखास विचारलं जातं: माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमांवरचा लाचखोरीचा खटला २० वर्षांत निकाली का निघाला नाही? विचारणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेकदा झुमांशी जवळीक असलेले सहारनपूरचे उद्योजक गुप्ता बंधू असतात. पण हा खटला त्यांचा नव्हे, १९९९ च्या शस्त्रखरेदीचा.

आरोप तसा साधा आहे. डर्बनचे व्यावसायिक शबीर शेख झुमांचे खर्च भागवत. आरोपपत्रात अशा ७८३ रकमा मोजल्यात, मिळून ४० लाख रँडच्या वर. शिवाय थॉमसन (आताची थालेस) ही फ्रेंच कंपनी चौकशीची झळ लागू नये म्हणून झुमांना वर्षाला ५ लाख रँड द्यायला तयार होती, असं सरकारी पक्ष म्हणतो. जून २००५ मध्ये शेख यांना १५ वर्षांची शिक्षा झाली आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकींनी झुमांना देशाच्या उपाध्यक्षपदावरून काढलं.

पहिली चूक सरकारी पक्षाचीच. २००६ मध्ये त्यांची तयारी नव्हती, म्हणून न्यायाधीशांनी प्रकरण यादीतून काढलं. मग डिसेंबर २००७ मध्ये सत्ताधारी एएनसी पक्षाच्या पोलोक्वानेच्या अधिवेशनात पक्षाध्यक्षपदासाठी झुमांनी म्बेकींना २३२९ विरुद्ध १५०५ मतांनी पाडलं, आणि काही दिवसांत नवं आरोपपत्र हजर! हा मुहूर्त झुमांच्या वकिलांना आयताच मिळाला. एप्रिल २००९ मध्ये, मतदानाला जेमतेम दोन आठवडे असताना, याच वेळेबद्दलची तपास अधिकाऱ्यांची फोनवरची बोलणी पुढे आली आणि आरोप मागे घेतले गेले. झुमा राष्ट्राध्यक्ष झाले. विरोधी पक्ष कोर्टात लढत राहिला. २०१७ मध्ये अपील कोर्टात झुमांच्याच वकिलांनी कबूल केलं की आरोप मागे घेण्याचा निर्णय टिकणारा नव्हता. मधली आठ वर्षं मात्र निघून गेली होती.

२०१८ मध्ये १६ आरोप पुन्हा लागले. पुढची खेळी बारकाईनं बघण्यासारखी आहे. मे २०२१ मध्ये झुमांनी ‘गुन्हा कबूल नाही’ म्हटलं आणि सोबत फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १०६ खाली हरकत घेतली: सरकारी वकील बिली डाउनर यांना हा खटला चालवायचा अधिकारच नाही. एकदा जबाब दिला की आरोपीला दोषी किंवा निर्दोष असा निकाल मिळण्याचा हक्क येतो. म्हणजे हरकत मान्य झाली असती, तर नुसता वकील बदलून भागणार नाही, थेट निर्दोष सोडा, असं म्हणता आलं असतं. हरकत फेटाळली, मग डाउनरवरच खाजगी फौजदारी. तीही कोर्टानं रद्द केली. प्रत्येक निकालावर अपिलाची परवानगी मागायची, आधी उच्च न्यायालयात, मग अपील कोर्टात, शेवटी देशाच्या सर्वोच्च अशा घटनात्मक न्यायालयाकडे. एकेका पायरीला महिने जातात. झुमांच्या वकिलानंच याला स्टालिनग्राडची उपमा दिली होती: घराघरातून लढायचं. आपल्याकडे शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. झुमा तिथून उतरायलाच तयार नाहीत.

२०२१ चा तुरुंगवास वेगळा. सरकारी भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या झोंडो आयोगापुढे यायला नकार दिल्यानं घटनात्मक न्यायालयानं बेअदबीबद्दल १५ महिने दिले होते. १२ महिन्यांहून जास्त शिक्षा झालेल्याला पुढची पाच वर्षं संसदेत जाता येत नाही, म्हणून २०२४ च्या निवडणुकीत ते उमेदवार नव्हते. पण मतपत्रिका आधीच छापून झाल्या होत्या. त्यांच्या एमके पक्षाच्या नावाशेजारी फोटो झुमांचाच राहिला, आणि पक्षाला ५८ जागा मिळाल्या.