पास फुकट ठेवला तरी बायका का येत नाहीत?

सायबर सिक्युरिटीच्या कॉन्फरन्स भरवणारी मंडळी मला हे सारखं विचारतात, आणि आवाजात जरा रुसवा असतो, की आम्ही बायकांसाठी वीस पास फुकट ठेवले होते हो, आठच गेले. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पास फुकट झाला तरी प्रवास उरतो, राहणं उरतं, परदेशात असेल तर व्हिसा उरतो, आणि हे सगळे पैसे इव्हेंटच्या आधी लागतात. घोडं इथेच अडतं.

माझंच बघा ना. पहिली स्कॉलरशिप मिळाली तेव्हा घरभर नाचले होते, मेलमध्ये लिहिलेलं प्रवास आणि राहणं आमच्याकडे, आणि खाली बारीक अक्षरात की आधी तुम्ही भरा, मग बिलं पाठवा, मग आम्ही परत देऊ. म्हणजे जिच्याकडे पैसे नाहीत म्हणून मदत करताय तिच्याकडूनच उसने घेताय की! विमानाचं तिकीट बहिणीच्या कार्डावर काढलं. हॉटेलात पोचले तर काउंटरवरचा म्हणतो डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड द्या, माझ्याकडे डेबिट, मग त्याने त्यातलीच रक्कम ब्लॉक केली आणि पुढचे तीन दिवस स्टेजवर कोणी मालवेअर उलगडून दाखवतंय आणि मी मनात हिशोब करतेय की रात्रीच्या जेवणाला किती उरले. पैसे परत आले साडेतीन महिन्यांनी, तेही दोनदा आठवण करून, कारण टॅक्सीची एक पावती पुसट होती म्हणे.

म्हणून माझं एकच मागणं असतं, बुकिंग तुम्ही तुमच्या नावावर करा. तिकीट तुम्ही काढा, हॉटेलला आधीच सांगून ठेवा की डिपॉझिटही आमच्याच बिलात धरा, जेवणाखाण्याचे पैसे पहिल्या दिवशी हातात द्या. बजेट तेवढंच लागतं, फक्त थांबायची पाळी तिच्याऐवजी तुमच्यावर येते, आणि थांबणं तुम्हाला जास्त परवडतं. आणि निवड लवकर कळवा, विमानाचे दर दुप्पट झाल्यावर अभिनंदनाचा मेल येऊन काय उपयोग?

यावर कोणी म्हणतं की कंपनी देईल ना पैसे. देते, पण बरेचदा जो स्टेजवर बोलणार त्याला किंवा टीम लीडला, आणि नोकरी शोधणारीला तर कंपनीच नसते. त्यात सीआयएसएसपीसारखं सायबर सिक्युरिटीचं सर्टिफिकेट टिकवायचं तर ३ वर्षांत १२० सीपीई क्रेडिट्स, म्हणजे शिकत राहिल्याचे गुण, जमवावे लागतात, आणि ते कॉन्फरन्सला जाऊन मिळतात. वेबिनार ऐकूनही मिळतात, नाही असं नाही, पण वेबिनारमध्ये चहाच्या रांगेत कोणी "आमच्याकडे जागा आहे, सीव्ही पाठव" म्हणत नाही. आणखी एक, मोठ्या कॉन्फरन्सच्या आधी जी हँड्स-ऑन ट्रेनिंग असतात त्यांची फी बहुतेक वेळा वेगळी, आणि तुमच्या फुकट पासात ती नसतात. खरं शिकायला मिळतं ते तिथेच!

चांगली उदाहरणं आहेत हं. बीसाइड्स नावाचं सायबर सिक्युरिटीचं संमेलन २००९ मध्ये लास व्हेगासला सुरू झालं, आता जगभर शहराशहरांत होतं, व्हॉलंटियर चालवतात आणि फी फुकट किंवा अगदी कमी. आपल्याच शहरात असलं की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. वीसिस (WiCyS), म्हणजे विमेन इन सायबरसिक्युरिटी, ही चळवळ डॉ. अंबरीन सिराज यांनी २०१२ मध्ये अमेरिकेत सरकारी ग्रँटवर उभी केली, आणि त्यांच्या कॉन्फरन्सला विद्यार्थिनींसाठी स्कॉलरशिप असतात.

फॉर्मबद्दल मात्र माझी चिडचिड आहे. "तुमची आर्थिक अडचण पाचशे शब्दांत लिहा", अरे कशाला? रडगाणं ज्याला छान लिहिता येतं त्यालाच पैसे मिळतात मग. त्याऐवजी एक ओळ ठेवा, येण्यासाठी काय लागेल, आणि खाली प्रवास, राहणं, मुलांना सांभाळायची सोय असे चौकोन द्या.

आणि ते उरलेले बारा पास, ज्या आल्या नाहीत त्या बायकांना एकदा विचारा तरी. एका आयोजकांनी माझं ऐकून खरंच मेल टाकला होता. चार उत्तरं आली, तिघींचं अडलं होतं आधी भरायच्या पैशांवर, आणि चौथीला फक्त एक रात्र जास्त राहायची सोय हवी होती, कारण शेवटचं सेशन संपेपर्यंत तिची परतीची शेवटची गाडी निघून जात होती.