बाईंची शिडी

आमच्या विणकाम मंडळाचा मेळावा जानेवारीत, संक्रांतीच्या आगेमागे एका रविवारी असतो. मुंबईत स्वेटर अंगावर सोसवतो तो तेवढ्याच दिवसांत. दीपप्रज्वलन, अहवाल, हिशेब, अध्यक्षांचं मनोगत हे सगळं रीतसर होतं. पण मी दादरच्या त्या हॉलमध्ये जाते ती चहानंतरच्या अर्ध्या तासासाठी.

तेव्हा बाई स्टेजवर येतात. हातात स्वेटरचा पुढचा भाग, अर्धा सुईवर. उलट विणीवर सहा सुलट टाक्यांची केबल, वेणीसारखी वर गेलेली आणि एका जागी मुद्दाम चुकवलेली. तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे धरायचे, तिथे मागे धरलेत. पुढे धरले की पीळ डावीकडे झुकतो, मागे धरले की उजवीकडे. आमच्यापैकी कुणीही सगळं उसवायला घेतलं असतं. बाई फक्त ते सहा टाके सुईवरून सोडतात. दरवर्षी बघूनही हॉलभर "अगंबाई!" होतंच. टाके अठरा ओळी खाली उतरतात आणि आडवे सुटे धागे शिडीसारखे दिसायला लागतात. मग दोन आखूड सुयांवर टाके धरून, पीळ नीट घालून बाई एकेक धागा विणत वर येतात. "सगळ्यात खालचा धागा आधी," एवढंच बोलतात. शेवटी चूक कुठे होती ते शोधून सापडत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी येतं, दर वर्षी येतं.

मी मंडळात आले ती नातवाच्या बाळंतविड्यासाठी. टोपडं, मोजे जमले. केबलचं जॅकेट मात्र साध्या विणीच्या हिशेबाने टाके घातले म्हणून चांगलं दोन बोटं अरुंद झालं. केबल कापड आवळून घेते, टाके वाढवावे लागतात आणि लोकरही जास्त लागते, हे बाईंनी मांडीवर फूटपट्टी ठेवून समजावलं. एका वर्षी पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, की आयर्लंडजवळच्या अरान बेटांवर प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, बुडालेला कोळी स्वेटरवरून ओळखत. बाईंनी नंतर हळूच माइक घेतला. गोष्ट छान आहे पण खरी नाही. ते स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाले आणि बायका विकायलाही विणत, त्यावर घराला हातभार लागे. मला ही खरी गोष्टच जास्त आवडली.

एक मात्र बोलतेच. मेगाब्लॉक असूनही बदलापूरची मुलगी साडेनऊला हजर असते, आणि हॉलपासून पाच मिनिटांवर राहणाऱ्या चौघी तिळाच्या वड्या वाटताना उगवतात. बाईंचं काम बघायला लोक नसावेत, याचं वाईट वाटतं.

वड्या करतात त्या गिरगावच्या वहिनी, गूळ चिरून देतात त्यांच्या जाऊबाई. हॉल उघडणारे मामा, सतरंज्या घालणारी त्यांची दोन्ही मुलं, रांगोळीवाल्या ताई, घाऊक भावाने लोकर आणून घरोघर पोचवणाऱ्या खजिनदार काकू, या सगळ्यांमुळे मेळावा होतो. माइक बिघडला त्या वर्षी शेजारच्या इमारतीतल्या मुलाने घरचा स्पीकर आणून दिला होता. आभारात त्याचं नाव राहिलं, ते अजून मनाला लागून आहे.

गेल्या वर्षी बाईंना स्टेजच्या पायऱ्या चढवेनात. त्या पहिल्या रांगेत बसल्या आणि बदलापूरची मुलगी वर गेली. तिने टाके सोडले, पीळ बदलला, विणत वर यायला लागली. मध्येच दोन धागे एकात एक अडकले आणि तिचे हात थांबले. हॉल गप्प.

"अकरावी ओळ," बाई खालूनच म्हणाल्या. "आत्ता जो ढिला दिसतोय ना, तो बारावीचा. तो राहू दे."

तिने दुसरा धागा उचलला. बाई मोजत राहिल्या, अठरापर्यंत.