तेराव्या भागातली माणसं

आज ऊन एवढं की कूलर लावून भाचीसोबत घरीच बसलो अन् बीबीसीची १९७९ ची 'लाइफ ऑन अर्थ' ही निसर्गावरची मालिका लावली, निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरोवाली. १३ भाग आहेत अन् माणूस शेवटच्या भागात येतो. त्यात न्यू गिनीचे बियामी लोक अन् अ‍ॅटनबरो, एकमेकांची भाषा येत नाही तरी भुवया उडवून, हसून बोलणं चालू, खूपच सुंदर आहे तो भाग. पण भाची म्हणे, "मामा, ते लोक काय म्हणून राहिले हे तेच काऊन नाही सांगत?" खरंच की, सगळीकडे आवाज एकच, अ‍ॅटनबरोचा. लहानपणापासून किती वेळा पाह्यलं, माझ्या डोक्यात हे कधी आलंच नाही.

मग ताडोबा आठवलं. नावच गोंडांच्या तारू देवावरून पडलं म्हणतात, पण वाघांच्या फिल्म पाहा, जंगल असं दाखवतात जसं तिथं कोणी राहतच नव्हतं. मागच्या वर्षी पेंचला आमचे गाईडकाका गोंड होते, चितळाचा धोक्याचा कॉल ऐकून त्यांनी जिप्सी थांबवली अन् पाचच मिनिटांत वाघीण रस्त्यावर. फोटो मी फक्त वाघिणीचे काढले, काकांचा एकही नाही, याचं आज फार वाईट वाटलं. दिवाळीत भाचीला घेऊन जातोय, तिला काकांकडून गोंडीत प्राण्यांची नावं शिकायची आहेत, वही आत्ताच काढून ठेवली तिनं.