मोटरहोमच्या छताचे सांधे: एका ट्यूबने भागलं नाही

माझ्या मोटरहोममध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, झोपायच्या जागेवरच्या पुढच्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा पिवळट डाग दिसला, तेव्हा मी तो ओल्या कापडाने पुसायला गेले. निघाला नाही. दुसऱ्या दिवशी बोटाने दाबून पाहिलं तर पॅनेल किंचित आत गेलं. म्हणजे मागचं प्लायवूड भिजून मऊ पडलं होतं, आणि हे एका पावसाचं काम नव्हतं.

वाईट वाटायचं कारण वेगळंच होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच कोपऱ्यावर मी स्वतः सीलंट, म्हणजे फट बुजवणारी पेस्ट, भरलं होतं. बाथरूमच्या कामातली पारदर्शक सिलिकॉनची ट्यूब उरली होती. सांध्यावर बारीक भेग दिसली, मी वरून रेघ ओढली आणि बोटाने गुळगुळीत केली. ती रेघ अजूनही अखंड दिसत होती, त्यामुळे मी संशय घेतला तो खिडकीच्या रबरावर. त्यात एक आठवडा गेला.

पाणी जिथून शिरतं तिथेच टपकेल असं नसतं. चौकटीच्या लाकडावरून, वायरींच्या नळीतून ते बरंच लांब सरकतं आणि भलतीकडेच डाग पडतो. शेवटी साबणाच्या पाण्याची चाचणी केली. खिडक्या, वेंट (छतावरचे हवेचे झरोके), सांडपाण्याची भोकं टेपने बंद केली, एका फटीतून पानं उडवायच्या ब्लोअरने आत हवा सोडली, भावाला आत बसवलं आणि मी वर साबणाचं पाणी शिंपडत गेले. दाब अगदी थोडाच वाढवायचा असतो. जिथे फट असते तिथे फुगे येतात. माझ्या सिलिकॉनच्या कडेला हातभर लांबीत ओळीने फुगे उठले. रेघ फाटलेली नव्हती, ती खालच्या पृष्ठभागापासून सुटली होती. पाणी तिच्याखाली शिरत होतं आणि वरून बंद असल्यामुळे सुकायला वावच नव्हता.

मग मी आधीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला: हे छत आहे तरी कशाचं? मोटरहोमचं छत ॲल्युमिनियमचं असू शकतं, फायबरग्लासचं असू शकतं, किंवा प्लायवूडवर चिकटवलेल्या ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) अथवा टीपीओच्या (एक लवचीक प्लास्टिक) पडद्याचं. गडद रंगाचं ओलं कापड चोळल्यावर त्यावर पांढरी पूड आली, आणि कडेला एका जुन्या ओरखड्यात खाली काळं रबर दिसलं. म्हणजे ईपीडीएम. पण पुढचा गोलाकार भाग फायबरग्लासचा, आणि दोन्हींच्या मध्ये स्क्रूंनी बसवलेली ॲल्युमिनियमची पट्टी. एका सांध्यावर तीन पदार्थ.

हे तिन्ही उन्हात सारखे फुगत नाहीत. ॲल्युमिनियमचा एक मीटर तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढल्यावर साधारण 0.023 मिलिमीटर वाढतो. ऐकायला काहीच नाही. पण बाजूने जाणारी 7 मीटरची पट्टी घ्या आणि पहाटेच्या थंडीपासून दुपारच्या उन्हापर्यंत 40 अंशांचा फरक धरा, तर सहा मिलिमीटरहून जास्त होतं. स्क्रूंनी जखडल्यामुळे ती पूर्ण मोकळी सरकत नाही, पण ताण कुठेतरी जातोच. त्यात गाडी धावताना सगळी चौकट पिळवटते. त्यामुळे छतावरच्या सीलंटला नुसतं चिकटून भागत नाही, त्याला रोज ताणलं जाऊन परत जागेवर यावं लागतं.

आणि वाचता वाचता एक गोष्ट कळली, जी मला ट्यूब हातात घेण्याआधी कुणीतरी सांगायला हवी होती: घट्ट झालेल्या सिलिकॉनवर दुसरं काहीही नीट धरत नाही, बहुतेक वेळा नवं सिलिकॉनसुद्धा नाही. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि त्याने धातू गंजू शकतो. पट्टी काढली तेव्हा तिच्या खालच्या बाजूला पांढरी भुकटी होतीच.

या सगळ्या कामात सीलंट भरायला एक दुपार लागली आणि सिलिकॉन काढायला चार दिवस. फायबरग्लासवर प्लास्टिकची पाती आणि सिलिकॉन विरघळवणारं द्रावण चाललं. रबरावर मात्र फार जपावं लागतं. पेट्रोलजन्य द्रावणांनी ईपीडीएम फुगतं, म्हणून तिथे फक्त खरवडणं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. साफ झालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. मी मास्किंग टेप चिकटवून बघत होते. टेप सहज सुटून आली की समजायचं, सिलिकॉनचा थर अजून आहे. रबराच्या काठावरचा दोन बोटांचा पट्टा शेवटपर्यंत साफ झालाच नाही.

पट्टीखालचे निम्मे स्क्रू हाताने फिरत होते, कारण लाकूड कुजलं होतं. तेवढा तुकडा बदलला. मग वर ताडपत्री टाकून, आत आर्द्रता ओढणारं यंत्र लावून नऊ दिवस वाट पाहिली. ओल मोजायच्या मीटरवरचा आकडा कोरड्या कोपऱ्याच्या आकड्याजवळ येईपर्यंत मी काहीच बंद केलं नाही. ओलं लाकूड वरून सीलबंद केलं की ते आतल्या आत कुजत राहतं. भाऊ रोज म्हणायचा, "ताई, आज करून टाकू." पण ती वाट पाहणं मला आजही या कामातला सर्वांत बरोबर निर्णय वाटतो.

त्या दिवसांत मी ॲल्युमिनियमच्या आणि फायबरग्लासच्या तुकड्यांवर तीन प्रकारच्या सीलंटच्या रेघा ओढून उन्हात ठेवल्या. आठवड्याने ते तुकडे वाकवले आणि नखाने रेघ ओढून काढायचा प्रयत्न केला. रेघ आख्खी सुटून आली तर चिकटणं कमी पडलं. ती मधूनच फाटली आणि दोन्हीकडे थर राहिला, तर पकड चांगली. पॉलियुरेथेनची पकड जबर निघाली, पण तेच मला नको होतं. ज्या वेंटचं झाकण पुढेमागे बदलावं लागणार, तिथे कायमचं चिकटणारं काही लावलं की काढताना छतच फाटतं. शिवाय काही पॉलियुरेथेन सीलंटमुळे ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटच्या स्कायलाइटला ताणाचे तडे जाऊ शकतात. ट्यूबवर ते प्लास्टिक चालतं असं लिहिलेलं नसेल तर मी तिथे वापरणार नाही.

शेवटी एकाच छतावर चार वस्तू आल्या. पट्टीखाली आणि प्रत्येक वेंटच्या कडेखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), कारण ती सहसा सुकून कडक होत नाही आणि पाणी अडवायचं खरं काम तीच करते. स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. ब्यूटाइल हळूहळू दबतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा फिरवून घ्यायचे. सपाट भागावर स्क्रूंच्या डोक्यांवर आणि कडांवर ईपीडीएमला चालणारं, आपोआप पसरणारं लॅप सीलंट, म्हणजे कडांवरून ओतायचं सीलंट. मी डायकॉर कंपनीचं घेतलं. ते ओतल्यावर स्वतःच सपाट होतं आणि स्क्रूची डोकी झाकून टाकतं. हेच सीलंट बाजूच्या उतारावर लावलं तर ओघळून खाली येतं, तिथे न ओघळणारं लागतं. फायबरग्लास आणि ॲल्युमिनियमच्या उभ्या कडांना एमएस पॉलिमर, म्हणजे घट्ट झाल्यावरही लवचीक राहणारं सीलंट.

तो साफ न झालेला पट्टा राहिलाच होता. तिथे पट्टी बसवण्याआधी दहा सेंटीमीटर रुंदीची चिकट सीलिंग टेप अशी लावली की तिची एक कड स्वच्छ रबरापर्यंत पोचेल आणि दुसरी स्वच्छ फायबरग्लासपर्यंत. मधल्या डागाळलेल्या भागावर ती धरेल अशी अपेक्षाच ठेवली नाही. रोलरने जोर लावून दाबली, कारण या टेपची पकड दाबावरच असते. ती एकदा बसली की निघत नाही, म्हणून आधी कोरडीच ठेवून पेन्सिलने खुणा केल्या.

सीलंट भरलं ते सकाळी, दव सुकल्यावर आणि छत तापायच्या आत. तापलेल्या पृष्ठभागावर बुडबुडे येतात. एमएस पॉलिमर हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होत जातं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. वरची साय धरली म्हणजे झालं असं नाही. पाच दिवस गाडी हलवली नाही.

पहिल्या मोठ्या पावसानंतर मीटर कोपऱ्याला लावला, आकडा तसाच होता. आता वर्षातून दोनदा वर चढते, पाय ठेवायला प्लायवूडची फळी टाकून. परवाच्या फेरीत अँटेनाच्या बुडाशी केसाएवढी भेग दिसली. तिथे लॅप सीलंटच होतं, आणि त्यावर तेच पुन्हा धरतं, त्यामुळे खरवडायची गरज पडली नाही. भाग पुसला, नवा थर ओतला आणि अर्ध्या तासात खाली उतरले.