कोण रडटा हांगा?

दुपारी फोंड्यात बहुतेक दुकानांची शटरं खाली असतात आणि शहाणी माणसं आडवी. मी मात्र अपडेटसोबतचा बारीक मजकूर वाचत बसतो. घरचे याला रिकामपण म्हणतात.

१४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज अपडेटमधली एक ओळ अशीच सापडली. एजियर कंपनीच्या जुन्या मोडेमचा (फोनच्या लाइनवरून इंटरनेट नि फॅक्स चालवणाऱ्या डबीचा) ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून तो चालवून घेणारी फाइल, काढून टाकलाय, त्यावर चालणारे फॅक्स-मोडेम यापुढे विंडोजवर चालायचे नाहीत.

मोडेम! माझ्या लॅपटॉपला फोनची वायर खुपसायला भोकसुद्धा नाही. तरी हा ड्रायव्हर विंडोजबरोबरच आत येऊन बसलेला.

आमच्याकडे मोडेम आला तेव्हा फोनची लाइन एक आणि यंत्रं दोन. एक वसरीवर, दुसरं आजीच्या खोलीत. काका कुवेतला. त्यांचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा, आणि नेमकं तेव्हाच मला इंटरनेट हवं असायचं. लाइन मोकळी आहे ना बघायला आजी रिसीव्हर उचलायची. आत मोडेमची किंकाळी. "कोण रे रडटा हांगा?" कोण रडतंय इथं? झालं, कनेक्शन तुटलं. तेव्हा फोटो वरून खाली, पट्टी-पट्टीनं उतरायचे. कित्येक क्रिकेटवाल्यांना मी नाकापर्यंतच ओळखायचो.

असो. ड्रायव्हर जुना झाला म्हणून काढला असता तर नवल नव्हतं. २००७ साली विंडोजची व्हिस्टा ही आवृत्ती आली तेव्हा धडधाकट प्रिंटर-स्कॅनर नवा ड्रायव्हर मिळेना म्हणून माळ्यावर गेलेच की. इथली गोष्ट वेगळी. या ड्रायव्हरच्या सुरक्षेत भोक होतं आणि संगणकात आधीच शिरलेल्याला त्यातून पूर्ण ताबा मिळवता येत होता. मोडेम वापरात नसला तरी. इतकी वर्षं त्या फाइलकडे ढुंकून न बघणाऱ्या आपल्याआधी ती चोरांना दिसली, याचा मला उगाच राग आला. दुरुस्त करत बसण्याऐवजी फाइलच उडवली, ते बरं केलं.

मायक्रोसॉफ्टनं सल्ला एवढाच दिलाय, की या हार्डवेअरवर विसंबून राहू नका. मला सोडायला काहीच नव्हतं. पण एखाद्या दवाखान्यातून अजून त्याच मोडेमवरून रिपोर्ट जात असतील, तर तिथल्या माणसाला हे बुधवारी सकाळी, फॅक्स जाईना तेव्हा कळलं असणार. तो कुठला बारीक मजकूर वाचायला?