दोन गिटारी, एक ॲम्प

शनिवार, रात्र

मित्राने त्याची महागडी इलेक्ट्रिक गिटार आठवडाभरासाठी माझ्याकडे ठेवलीय. घाट माझ्या स्वस्त गिटारीचाच. दोन्ही स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर या नमुन्याच्या धर्तीच्या, तेच तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारी, चुंबकाभोवतीची एकेरी वेटोळी), ते निवडायचा तोच पाच टप्प्यांचा स्विच. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव कळलं की कान ऐकायच्या आधीच निकाल लावून मोकळे होतात. किंमत मात्र अशी की त्याच्या एकीत माझ्यासारख्या पाच-सहा आल्या असत्या.

आल्या आल्या दोन्ही जशा होत्या तशा ॲम्पला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या पेटीला लावल्या. त्याची सरळ जिंकली. आवाज मोकळा, बेंड (तार बाजूला ओढून सूर चढवणं) हलके, कॉर्ड सुरात. माझी तिच्यापुढे चोंदल्यासारखी वाटली.

पण ही तुलना गिटारींची झालीच कुठे? त्याच्या तारा कोऱ्या, माझ्या काळवंडलेल्या. त्याचे पिकअप तारांच्या जवळ चढवलेले, म्हणून आवाजच मोठा. आणि दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा, तोच कानाला भरदार वाटतो, चांगलाही वाटतो. व्हिडिओंमधून ठणकावून दिलेले कितीतरी निकाल एवढ्याच पायावर उभे असावेत, असा माझा दाट संशय आहे.

रविवार

अख्खी सकाळ सेटअपमध्ये, म्हणजे गिटारींच्या जुळवाजुळवीत गेली. दोघींना एकाच जाडीच्या नव्या तारा, ०.०१० ते ०.०४६ इंच. पहिल्या फ्रेटवर (नेकवरची, म्हणजे गिटारीच्या दांडीवरची आडवी धातूची पट्टी) कॅपो हा तारा दाबणारा चिमटा, शेवटची फ्रेट दाबलेली, आणि आठव्या फ्रेटपाशी तारेखाली पाव मिलिमीटर फट राहील एवढा नेकला बाक. सतराव्या फ्रेटवर तारांची उंची १.६ मिमी. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपचं अंतर जाड तारेखाली २ मिमी, बारीक तारेखाली १.६. मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर यावा म्हणून तारांच्या लांबीची जुळणी.

त्याच्या गिटारीला यातलं जवळजवळ काहीच करावं लागलं नाही. माझीचा नट (नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांत टेकतात ती पट्टी) मात्र कारखान्यातून आला तसाच होता आणि त्याच्या खाचा उथळ होत्या. तार नटवर उंच बसली की पहिल्या फ्रेटवर ती जास्त खाली दाबावी लागते, जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणजे उघड्या तारा ट्यूनरवर अगदी बरोबर, आणि एफ कॉर्ड धरली की बेसूर. नवशिक्याला वाटतं, आपलाच हात कच्चा. अशा वेळी किती जणांनी गिटार कपाटावर टाकली असेल! स्वस्त गिटारीचा सगळ्यात मोठा दोष मला विचाराल तर हाच, आणि तो आवाजाच्या खात्यात येतच नाही. कानशीने एकेक खाच खोल केली. दोन-चार घासे, तार बसव, दाबून बघ, पुन्हा काढ. घाई केली तर खाच जास्त खाली जाते आणि उघडी तार पहिल्या फ्रेटवर झणझणायला लागते.

रात्री धाकट्या भावाला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि दोन्हींवर एकच तुकडा आलटून पालटून वाजवला. आवाजाची पातळी आधी मीटरवर जुळवून घेतली होती. क्लीनवर, म्हणजे साध्या स्वच्छ आवाजात, त्याने बहुतेक वेळा बरोबर ओळखलं, वरच्या तारांच्या झळाळीवरून. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेला आवाज, लावला तसा गडबडला. थोड्या वेळाने म्हणाला, “ताई, तू मघापासून एकच वाजवतेयस ना?”

झळाळीचं कारण पिकअप उलटा केला की दिसतं. मित्राच्या गिटारीच्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखालचा खांब हाच अल्निको या मिश्रधातूचा चुंबक आहे. माझ्यात साध्या पोलादी खुंट्या आहेत आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली. कॉइलच्या पोटात पोलाद आलं की इंडक्टन्स (बदलत्या विजेला कॉइलचा विरोध) वाढतो, पिकअप ज्या टिपेवर जास्त जोर देतो तो उंचवटा खाली सरकतो, आणि आवाज मधल्या पट्टीत जाड होतो. जाड म्हणजे वाईट नव्हे. रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल) वाजवताना मला माझीच आवडली, आणि हे मी भावनेच्या भरात लिहीत नाहीये.

सोमवार

आज व्हायोलिनचा तो प्रयोग आठवला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला २१ वादकांना डोळ्यांवर गडद चष्मे घालून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली होती. तीन नवी, तीन जुन्या नामांकित इटालियन कारागिरांची: दोन स्ट्रॅडिव्हरी, एक ग्वार्नेरी. सोबत न्यायला कोणतं घ्याल असं विचारल्यावर बहुतेकांनी नवं निवडलं, आणि सगळ्यात नावडतं ठरलं ते स्ट्रॅडिव्हरींपैकी एक. तिथे तर पेटीच्या लाकडातूनच आवाज घडतो. इलेक्ट्रिक गिटारीत पिकअप तारेचं हलणं टिपतो आणि पुढचं बरंचसं ॲम्प आणि स्पीकर ठरवतात. मग बॉडीच्या लाकडावरून एवढी डोकेफोड का, हे मला कधीच उमगलं नाही.

स्वस्त ब्रँड म्हणजे कायम दुय्यम, हेही खरं नाही. स्ट्रॅटोकास्टर बनवणाऱ्या फेंडर कंपनीने १९८२ मध्ये स्क्वायर या नावाने जपानमध्ये गिटारी काढल्या, त्या तिथल्या स्वस्त आणि चांगल्या नकलांना तोंड द्यायला. त्या पहिल्या जेव्ही मालिकेच्या गिटारी आज संग्राहक शोधत फिरतात.

बुधवार

ऐकणाऱ्याचा निकाल रविवारीच लागला. वाजवणाऱ्याचा वेगळा आहे.

डोळे मिटून भावाला गिटार हातात द्यायला सांगितली. एकही तार न छेडता ओळखली. नेकच्या कडेवरून अंगठ्याखालचा तळवा खाली सरकवला की माझ्या गिटारीवर प्रत्येक फ्रेटचं टोक बारीक टोचतं. हवा कोरडी झाली की फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं, धातू आकसत नाही, मग टोकं बाहेर डोकावतात. मित्राच्या गिटारीच्या फ्रेटबोर्डची कडाच गोल घासलेली, टोकं एकेक करून बोथट केलेली. बॉडी आणि नेक हल्ली दोन्हीकडे संगणकावर चालणारी मशीनच कापतात. फरक पडतो तो मशीननंतर माणसाचा हात किती वेळ फिरला यात, आणि महाग गिटारीच्या किमतीतला मला पटणारा भाग हाच.

दुसरा फरक व्हॉल्यूमच्या नॉबचा, आणि हा ऐकणाऱ्याला कळणारच नाही. माझ्या गिटारीवर दहावरून आठवर आणलं तरी फारसं काही होत नाही, आणि सातच्या आसपास आवाज एकदम कोसळतो. त्याच्या गिटारीवर तो टप्प्याटप्प्याने उतरतो. करंगळीने नॉब फिरवत एकाच गाण्यात क्लीनवरून खरखरीत आवाजावर जायचं तर ही उतरण नीट हवी, नाहीतर तो प्रकार सोडूनच द्यावा लागतो. बाकी आवाज कमी केला की टिपेची धार दोन्हीकडे जाते. तिथे मोठी किंमतही कामाला येत नाही, छोटा कपॅसिटर लागतो.

ट्यूनिंगचं मला आश्चर्य वाटलं. मोठे बेंड मारल्यावर माझीची तिसरी तार नटमध्ये ‘टिक’ करून अडकायची आणि सूर उतरलेला राहायचा. दोष तारा ताणायच्या खुंट्यांना देऊन लोक आधी त्याच बदलतात. खाच रुंद करून पेन्सिलीचं ग्रॅफाइट चोळलं तर बराचसा फरक पडला. वायब्रॅटोचा (सूर वर-खाली हलवायचा) दांडा जोरात वापरला तर अजूनही माझीच आधी सूर सोडते.

गुरुवार

मित्र उद्या गिटार न्यायला येणार. आज रात्रभर तीच वाजवत बसले, हे नाकारत नाही. आवाजासाठी नव्हे, तिच्या नेकसाठी.

तरी तिच्या किमतीची गिटार मी घेणार नाही. ॲम्पमधून जे बाहेर पडतं त्यात माझी तिच्या शेजारी बिनदिक्कत उभी राहते, आणि हाताला खुपतं त्यातलं बरंचसं कानशीने आणि सोल्डरिंगने सुटण्यासारखं आहे. फ्रेटची टोकं या सुट्टीत घासून काढेन, फ्रेटबोर्डला टेप लावून. पिकअप आहेत ते राहू देत, त्या जाड आवाजाची सवय झालीय. २५० किलोओमचे तीन चांगले पॉट, म्हणजे नॉबखालचे कमीजास्त होणारे रोध, मात्र मागवलेत.