उफित्सीतली मेदिची मंडळी

फ्लोरेन्सला पोचलो तो वार सोमवार. तिथलं उफित्सी हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद असतं, हे तिकीट आधी काढलं असतं तर घरीच कळलं असतं. पण "तिथे गेल्यावर बघू" हा आमचा बाणा! मग वेळ काढायला मेदिचींच्या, म्हणजे फ्लोरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या सावकार घराण्याच्या, जुन्या वाड्यात शिरलो (तो बुधवारी बंद असतो, लक्षात ठेवा). तिथल्या चिमुकल्या प्रार्थनाघरात बेनोत्सो गोत्सोलीने १४५९ च्या सुमारास बाळ येशूच्या दर्शनाला निघालेल्या राजांची मिरवणूक भिंतभर रंगवली आहे. त्यात खेचरावर घराण्याचा प्रमुख, म्हातारा कोसिमो. हे चेहरे आधी पाहून ठेवा, पुढे ओळखीचे वाटतात.

मंगळवारी सव्वाआठचा पहिला स्लॉट घेतला. सॅक बाहेर ठेवावी लागते, जिने भरपूर आहेत. बोत्तिचेल्लीच्या एका चित्रात तोच कोसिमो मेरीच्या पायाशी वाकलेला दिसला. गंमत म्हणजे हे चित्र मेदिचींनी नाही, त्यांची मर्जी राखू पाहणाऱ्या एका सराफाने करवून घेतलं होतं. गणपतीच्या फ्लेक्सवर साहेबांचा फोटो छापणारे 'शुभेच्छुक' तेव्हाही होतेच.

आम्ही मात्र खास मेदिचींचा दरबारी चित्रकार ब्राँझीनो याच्यासाठी गेलो होतो. त्याची चित्रं कुठल्या दालनात आहेत ते आत शिरतानाच विचारा. आम्ही विचारलं नाही आणि पोचेपर्यंत पायाचे तुकडे पडले.

१५४५ च्या सुमाराची एलिओनोरा (तेव्हाच्या मेदिची ड्यूकची बायको) दिसली आणि माझी आई चित्राला नाक लावायचीच बाकी राहिली. "अगं, डाळिंबाचा बुट्टा आहे बघ, आणि जरीची नक्षी उठून आलीये!" खरंच, पांढऱ्या रेशमावर काळी-सोनेरी वेलबुट्टी, एकेक धागा मोजावा अशी. चेहरा मात्र कोरा. हात तेवढा मुलाच्या, जोव्हान्नीच्या, खांद्यावर.

त्याच जोव्हान्नीचं तान्हेपणीचंही चित्र आहे: मुठीत पक्षी आणि हसताना दिसणारे दोन दात. १५६२ मध्ये तो एकोणीस वर्षांचा असताना मलेरियाने गेला. महिन्याभरात धाकटा भाऊ आणि एलिओनोराही गेली. शेजारच्या चित्रात ड्यूकची लेक बिआ, तिच्या गळ्यात बापाची छबी असलेलं पदक आहे. ती तर पाच वर्षांचीही जेमतेम झाली. तिच्यासमोर आई काहीच बोलली नाही.

एलिओनोराला याच झग्यात पुरलं, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. थडग्यातून निघालेला झगा वेगळा आहे, तो नदीपलीकडे पित्ती राजवाड्यात जपून ठेवलाय. आईला तोही बघायचा होता, पण तोवर आमची गाडीची वेळ झाली होती.